गॅलरीतलं आभाळ

माझी शेळी व्यायली तेव्हा एकवीस जणांनी अभिनंदन केलं. एका ताईनं तर बाळंतिणीला काय खाऊ घालायचं, थंडी कशी लागू द्यायची नाही, यावर चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. तो मी शहरात, मुकुंदवाडीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, चहा पीत शांतपणे ऐकला. शेळी माझ्याकडं नव्हती. तेव्हा ती विकून मला सव्वा वर्ष झालं होतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर मी जन्माचाच थापाड्या आहे असं वाटेल. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून मी निवृत्त झालो आणि निवृत्त माणसाला जो झटका येतो तो मलाही आला. गावी जायचं, माती, गुरं, मोकळी हवा वगैरे. गाव चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत. तिथली आमच्या वाट्याची जमीन चुलतभाऊ कसतो. त्याच्या गोठ्याला लागून मी पत्र्याचं छप्पर टाकलं आणि दोन शेळ्या घेतल्या. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. शेळ्यांचं आणि तुमचं जमलं की मला कळवा." जमलं नाही. माझी पाठ धरली, एक शेळी दोरी तोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, आणि शेजाऱ्यानं माझ्या सगळ्या मोकळ्या हवेचा उद्धार केला. चार महिन्यांत शेळ्या विकून मी बायकोच्या ताब्यात परत आलो.

पण त्या चार महिन्यांत मोबाईलवरच्या एका ग्रुपात शिरलो होतो. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचा ग्रुप. जालन्याकडच्या एका निवृत्त मास्तरांनी तो काढलेला. तिथं कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. मास्तरांचा दंडक एकच: देवांचे फोटो नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत, फुलांवर लिहिलेलं शुभ सकाळ नाही. आज काय काम केलं, कुठं जाऊन आलात आणि डोक्यावर आभाळ कसं आहे, एवढंच सांगायचं. आभाळाच्या बाबतीत मास्तर फार कडक. "ज्यानं त्यानं आपल्या डोक्यावरचं सांगायचं. मोबाईलमधलं हवामान जिल्ह्याचं असतं. जनावरं शिवारात असतात," असं ते म्हणत.

तर रोज सकाळी सुरू व्हायचं. कन्नडकडचा एकजण टेम्पोतून दूध न्यायचा, तो घाटातलं धुकं सांगायचा. कुणी शेळ्यांच्या खुरांना औषध लावलं ते लिहायचं, कुणी बाजारला जाऊन कडबा न घेताच परत आलं ते. कुणाच्या डोक्यावर ढग, कुणाच्या डोक्यावर नुसतं पांढरं. वाचायला लागलं की पेपर फिका वाटायचा. मलाही त्यात माझी एक ओळ टाकायची सवय लागली. आणि शेळ्या विकल्या त्या दिवशी तेवढी ओळ टाकायची राहून गेली.

खरं म्हणजे राहून गेली नाही. लाज वाटली. मास्तर काय म्हणतील, ती माणसं काय म्हणतील, चार महिन्यांत पळाला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी गॅलरी झाडली आणि लिहिलं, "गोठा झाडला." तुळशीला पाणी घातलं आणि लिहिलं, "जनावरांना पाणी दाखवलं." हे मला इतकं सहज जमलं की माझा मीच चकित झालो. बायको रोज विचारायची, "आज काय केलं तुमच्या शेळीनं?" मी म्हणायचो, "रवंथ." ती म्हणायची, "भाग्यवान आहे."

फोटो लागले की चुलतभावाच्या शेजाऱ्याकडून मागवायचे. एकदा मास्तरांनी विचारलं, "दादा, तुमची शेळी काळी होती ना? ही तांबडी दिसते." मी लिहिलं, ऊन फार आहे इकडं. शिक्षकी पेशात असली उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली असतील.

आभाळाचं मात्र मी इमानदारीनं करायचो. रोज सकाळी चुलतभावाला फोन करायचा, गावाकडं ढग आहे का, वारा कुठून आहे, विचारायचं, आणि ते ग्रुपवर टाकायचं. चुलतभावाला भरून यायचं. "माणूस शहरात गेला तरी जीव शिवारात हाय तुझा," असं तो म्हणायचा. मी त्यालाही काही सांगितलं नाही.

माझ्या शेळीच्या बाळंतपणाची काळजी करणारी ती ताई मेंढरंवाली. घर नावाला एका गावात, पण दिवाळी झाली की ती, नवरा, दोन दीर आणि शंभरावर मेंढरं असा सगळा बारदाना निघायचा आणि पाऊसकाळ येईपर्यंत या शिवारातून त्या शिवारात फिरत राहायचा. तिला लिहिणं फारसं जमत नव्हतं. ती आवाज पाठवायची, मागं मेंढरांचा कालवा असायचा. "आज चार कोस चाल्लो. पायात काटा मोडलाय. आभाळ कोरडं हाय," एवढंच बोलायची आणि बंद. मला तिचे निरोप सगळ्यांत आवडायचे. ती मला दादा म्हणायची. दरवेळी शेवटी न चुकता विचारायची, "शेळ्या बऱ्या हायत नव्हं?" मीही न चुकता सांगायचो, बऱ्या आहेत.

यंदा होळीच्या आठ-दहा दिवस आधी तिचा मुक्काम आमच्या गावाच्या पूर्वेला, टेकडीच्या पलीकडं पडला. चालत गेलं तर तास-सव्वा तास. ती भेटायला येते म्हणाली तर काय दाखवायचं? पण ती कामात होती. मेंढरांची लोकर कातरायची होती. हे काम हातकात्रीनं होतं, घरातली सगळी माणसं बसतात, एकजण मेंढरू धरतो, दुसरा कातरतो. लोकर कोरडी पाहिजे आणि पुढचे दोन-चार दिवसही कोरडे पाहिजेत, कारण कातरलेलं मेंढरू उघडं पडतं. अंगावर गार पाऊस पडला तर ते टिकत नाही. हे सगळं तिनंच ग्रुपवर सांगितलं होतं. मला तरी दुसरं कोण सांगणार?

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला तिचा आवाज आला. "दादा, निम्मी मेंढरं कातरून झाली. पन टेकडीमागं काळं काळं दिसायलंय. आमाला पलीकडचं काय कळंना. तुमच्या शिवारात काय हाय? कातरणी थांबवू का चालू ठिवू?"

ढग आमच्या गावावरून टेकडी ओलांडून तिच्याकडं जाणार. म्हणजे तिच्यासाठी ग्रुपमध्ये त्या घडीला माझ्या शब्दाला जितकी किंमत होती तितकी आयुष्यात कधीच कुठं नव्हती. कारखान्यात मी पंचवीस वर्षं नटबोल्ट दिले, तिथंही साहेब दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायचे.

मी चुलतभावाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. तो पैठणला कुणाच्या साखरपुड्याला गेला होता हे मला नंतर कळलं. त्याच्या बायकोचा नंबर माझ्याकडं होता. तिला लावायला पाहिजे होता. लावला नाही. जेवण वाढलेलं होतं, बायको हाक मारत होती, आणि ताई थांबली होती. मी गॅलरीत आलो आणि वर पाहिलं. लखलखीत ऊन. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडं बघवत नव्हतं. मी लिहिलं, "कडक ऊन. एक ढग नाही. बिनधास्त चालू ठेवा."

दीड वर्षात पहिल्यांदाच मी दंडकाप्रमाणं स्वतःच्या डोक्यावरचं आभाळ सांगितलं होतं. मग आत जाऊन जेवलो आणि झोपलो.

मुकुंदवाडीत संध्याकाळी थोडा धुळीचा वारा सुटला. बायकोनं वाळत घातलेले कपडे आत घेतले. तेवढंच. सहा वाजता मोबाईल बघितला तर ग्रुपवर एकाखाली एक निरोप. आमच्या गावाकडं चार वाजताच गारा सुरू झाल्या होत्या, तिथून टेकडीपलीकडं. ताईचा आवाज होता, पण मागं मेंढरांचा कालवा नव्हता. "समदी कातरून झाली आन् आभाळ फुटलं. लिंबाएवढ्या गारा. वर पाऊस. मेंढरं काकडून पडायलीत. पोती टाकलीत अंगावर, जाळ केलाय." तिथं ती थांबली. मग म्हणाली, "दादा, तुमच्या शेळ्या रानात व्हत्या का गोठ्यात?"

त्याखाली मास्तर: "दादा, सुखरूप आहात ना?" त्याखाली दूधवाला: "दादांचं काही कळलं का?" सगळा ग्रुप माझी काळजी करत होता. मी कपडे घडी करायला घेतले. बायको बघतच राहिली, कारण हे काम मी कधी करत नाही.

उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? खरं सांगावं तर त्या वेळी, तिची मेंढरं पडत असताना, माझ्या शेळ्या नाहीत ही बातमी द्यायला तोंड नव्हतं. खोटं सांगावं तर तेवढाही निलाजरा नव्हतो, असं मी स्वतःला समजावलं. आणि माझ्या गप्प बसण्याचा त्या भल्या माणसांनी एकच अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाचाच फोन आला. "अरे, एक मेंढरंवाली बाई आलीय टेकडीवरून. तू बोलंना म्हणून आली म्हणती. तुझ्या शेळ्या जगल्या का विचारायलीय." तो आवाज बारीक करून म्हणाला, "कंच्या शेळ्या रे? मी काय सांगू हिला?"

"बसवून ठेव," मी म्हटलं. "मी येतो."

बायकोनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं टोमणा मारला नाही, उलट स्कूटरची किल्ली आणून हातात दिली, आणि म्हणाली, "खरं काय ते सांगा आता." मला तिचा टोमणा परवडला असता.

चितेगावपर्यंत सगळं कोरडं होतं, कारखान्यांच्या पाळ्या सुटत होत्या, लोक चहा पीत होते. गावाकडं आत वळलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आडवा झालेला. बांधाच्या सावलीत गारांचे ढीग अजून पडून होते.

ताई चुलतभावाच्या ओट्यावर बसली होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. पायांना चिखल गुडघ्यापर्यंत, डोळे लाल. ती चुलतभावाशी बोलत होती, त्या आवाजावरून मी तिला ओळखलं; मी कोण ते त्यानं तिला सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"दादा, तुमी बरे हाव ना? आमी म्हनलं, मानूस गारात घावला काय."

मी विचारलं, मेंढरं किती गेली.

"अकरा मोठी. कोकरं येगळी. सांच्यापतुर आनखी चार-दोन जातील." मग तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत गूळ, सुंठ आणि ओवा होता. "गारठलेल्या शेळीला हे कोमट पाण्यातून पाजावं लागतंय. तुमाला ठाव नसंल म्हनून आनलंय. कुठं हायत शेळ्या?"

तिच्या मुक्कामी जाळापाशी मेंढरं थरथरत पडली होती आणि त्यांच्या औषधातलं ती माझ्यासाठी बाजूला काढून, टेकडी चढून घेऊन आली होती. चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता. त्याची बायको दारात येऊन थांबली होती. बाजूला माझं ते पत्र्याचं छप्पर होतं, त्यात चुलतभावानं सरपण भरलेलं.

मी सांगितलं. शेळ्या नाहीत, दीड वर्षापूर्वीच विकल्या. मी इथं राहत नाही, मुकुंदवाडीला राहतो. काल दुपारी जे ऊन सांगितलं ते मुकुंदवाडीचं होतं. इथं तेव्हा काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि एक फोन उचलला गेला नाही तर दुसऱ्या कुणाला मी विचारलंही नाही. माझ्यामुळं तुमची निम्मी मेंढरं उघडी पडली, ताई. बोलता बोलता मी रडायला लागलो आणि त्याचीही मला लाज वाटली, कारण रडण्याचा हक्क तिचा होता.

ती शिव्या देईल असं वाटलं. द्यायलाच पाहिजे होत्या.

"म्हंजी शेळ्या नव्हत्याच काल?" तिनं विचारलं.

"नव्हत्या."

"ती व्यायली व्हती ती बी?"

"नाही."

तिनं श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "रातभर वाटायलं, त्या पिल्लांचं काय झालं असंल."

मग गूळ-सुंठ परत पदरात बांधली, तिकडं लागतंय म्हणाली, आणि निघाली. मी स्कूटरवर सोडतो म्हटलं, तर तिनं मान हलवली. बांधावरून ती जात होती आणि मी तिच्या त्या दोन शब्दांत कुठंतरी टोमणा असेल म्हणून शोधत होतो. नव्हता. तिला खरोखरच बरं वाटलं होतं.