सोलर कुकरमधली श्राद्धाची खीर

गच्चीवरच्या माझ्या सोलर कुकरचे फोटो तुम्ही दोघांनी पाहिले आहेत. काळी पेटी, तिच्यावर काच, वर उघडलेलं आरशाचं झाकण आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभी असलेली मी. धाकटीने ते शाळेत दाखवले, तिच्या बाईंनी आजीचं कौतुक केलं, आणि माझे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत. म्हणून फोटोंत न आलेली एक गोष्ट लिहून ठेवते. आजोबांना मात्र ती वाचून दाखवू नका. का, ते पुढे कळेलच.

आम्ही मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि गच्ची सातव्याच्या वर. ऊन सरकेल तशी पेटी फिरवावी लागते, म्हणजे दर अर्ध्या तासाला वर जायचं. चौथ्या मजल्यावरची शेजारीण एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "काकू, सकाळपासून पाचव्यांदा भेटतोय आपण. डाळ शिजवताय की लिफ्ट?" मी तिला ठणकावून सांगितलं की लिफ्ट काय, तशीही चालूच असते. मग तीन दिवस जिना चढले. चौथ्या दिवशी गुडघ्यांनी संप केला, तेव्हा मी तत्त्वात दुरुस्ती केली: चढताना लिफ्ट, उतरताना जिना. ही दुरुस्ती माझ्या वीजबचतीच्या वहीत तारीख घालून लिहिलेली आहे.

कुकर घेतला त्या वर्षी पितृपक्षात तुमच्या पणजीची तिथी आली, आणि मी जाहीर केलं की श्राद्धाची खीर सूर्यावर होईल.

"आईच्या दिवशी प्रयोग नको," आजोबा म्हणाले.

"प्रयोग नाही. सराव झालाय माझा."

तुमचे आजोबा जन्मभर यंत्रांत रमलेले. देवाला हात जोडतात तेही मी डोळे वटारले तर. पण वर्षातल्या या एका दिवशी त्यांचा विश्वास असतो. गच्चीवर आईचं पान वाढायचं आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही. कावळा शिवला की आई जेवली, समाधानाने गेली. तो आला नाही, तर तिचं काहीतरी राहिलं. एरवी दहा मिनिटांत कावळा येतो आणि आजोबा पुढचं वर्षभर निश्चिंत असतात.

विक्रोळीहून आजोबांची मोठी बहीण आली. मी त्यांना ताई म्हणते, आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंना मी अजून घाबरते. भाद्रपदातलं ऊन लपंडाव खेळत होतं. बाराला व्हायची खीर दीडला झाली. तांदूळ शिजले होते, फक्त खीर इतकी घट्ट झाली होती की पळी तिच्यात उभी राहिली. ताईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आईला दात नव्हते गं शेवटी. पण चावेल हळूहळू."

पान गच्चीच्या कठड्यावर, कुकरच्या शेजारीच वाढलं. आणि इथे माझ्यातली काटकसर जागी झाली. एवढं ऊन आहे तर पेटी रिकामी कशाला ठेवायची? भांडी घासायला गरम पाणी होईल, म्हणून पातेलंभर पाणी आत ठेवलं आणि आरसा उघडाच राहू दिला. मग आम्ही तिघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिलो.

कावळे आले. मुलुंडला कावळ्यांची वाण नाही. टाकीवर बसले, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं, कठड्यापर्यंत झेपावले आणि तसेच माघारी गेले. एकदा नाही, चार-पाच वेळा. अर्धा तास गेला. ताईंना मधुमेह आहे. मी त्यांना खाली जाऊन दोन बिस्किटं खायला सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरले.

आजोबांनी हात जोडले. "आई, ताईकडे दर महिन्याला जाईन."

"येऊ नकोस," ताई म्हणाल्या. "आलास की नुसता पेपर वाचतोस. फोन कर."

"फोन करीन, आई. तुझ्या पाटल्या थोरल्या पणतीलाच देऊ." थोरले, म्हणजे तुला.

कावळा आला आणि गेला. आजोबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "माझंच काहीतरी चुकलंय," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या दिवसांत मी तिच्यापाशी बसलो नाही फारसा."

तेव्हा ताई माझ्याकडे वळल्या. "तू बोल. तुझ्याकडेच राहिलं असेल."

"माझ्याकडे काय?"

"पंखा."

मला काही समजेना. मग ताईंनी सांगितलं. शेवटच्या दोन वर्षांत सासूबाई वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायच्या. जायला पाच मिनिटं, यायला पाच. रिकाम्या खोलीत पंखा फिरलेला मला बघवत नसे. त्या उठल्या की मी बंद करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. त्या परत येऊन खुर्चीत बसायच्या. बटण उंचावर, हात पोचत नसे. मे महिन्यात, घामाने भिजून, मी पुन्हा त्या खोलीत जाईपर्यंत बसून राहायच्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. लेकीला मात्र सांगायच्या, "मी उठले की सूनबाई माझा वारा घेऊन जाते."

मला वाटायचं, त्यांना उकडत नाही. तसं मी कौतुकाने चारचौघांत सांगतही असे.

मी पदर सावरला आणि हात जोडले. "आई, चुकलं माझं. माणूस परत येणार असेल तर मी पंखा बंद करणार नाही."

आजोबांनी मिटलेले डोळे जरासे उघडले. "मी चहाला उठतो तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

नमस्कार करून मान वर केली आणि मला दिसलं. मघापासून पेटी फिरवलेली नव्हती. ऊन सरकलं होतं, आणि आरशातला कवडसा पेटीत पडायच्या ऐवजी थेट पानावर, खिरीच्या स्टीलच्या वाटीवर पडत होता. वाटी दिव्यासारखी लखलखत होती. कावळा खाली यायचा, डोळ्यांत तिरीप जायची आणि तो उडायचा. तीस वर्षं नववीच्या वर्गाला प्रकाशाचं परावर्तन शिकवलेली बाई तासभर तिथेच उभी होती.

आजोबांचे डोळे पुन्हा मिटलेले होते. मी पाणी तापलंय का पाहायला गेल्यासारखी गेले आणि आरशाचं झाकण हलकेच खाली केलं. टाकीपाशी परत पोचते न पोचते तोच कावळा उतरला आणि त्याने पहिली चोच खिरीलाच मारली.

"ऐकलं तिनं," आजोबा म्हणाले. त्यांच्या गालांवर पाणी होतं.

"ऐकलं," ताई म्हणाल्या.

आपाती कोन, परावर्तन कोन, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. "चला, जेवायला बसू," असं मी म्हटलं.

तेव्हापासून मी अडकले आहे. आरशाचं खरं सांगावं तर आजोबांची आई पुन्हा उपाशी राहते. न सांगावं तर शब्द पाळावा लागतो. आणि खरं सांगायचं तर, आरसा मिटला म्हणून त्या खुर्चीतला मे महिना मिटत नाही. आजोबा उठले की माझा हात अजून आपोआप बटणाकडे जातो. मग मी दारात उभी राहून विचारते, "परत येताय ना?" त्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला आहे. काल पिशवी घेऊन भाजीला निघाले, चपला घातल्या आणि जिन्यातून ओरडले, "येतोय गं परत. राहू दे पंखा."

पाऊण तास रिकाम्या खुर्चीवर तो फिरत होता. मी समोर बसून बघत राहिले.