कोंडाजीची हजेरी

कोंडाजीबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण त्याचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. मी सयाजी. लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत मुकादम होतो. रोज सकाळी दोनशे मजुरांची नावं पुकारायची आणि 'हाय' म्हणेल त्याचा दिवस भरायचा, हे माझं काम. तिथल्या गोऱ्या सोल्जरांचं बघून आमचे गडी फुटबॉल शिकले. लढाई संपल्यावर मोशी, चिखली, कुरुळीची माणसं जमवून आम्ही इंद्रायणी संघ काढला. मोशीच्या नदीकाठच्या गायरानात दर रविवारी चार वाजता खेळ व्हायचा, आणि खेळाआधी मी हजेरी घ्यायचो. अंगवळणी पडलेली गोष्ट, जाते कुठे!

हजेरीचा नियम एकच. ज्याला संघ सोडायचा असेल त्यानं मैदानात उभं राहायचं, नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं आणि मग स्वतःच्या तोंडानं सांगायचं, 'माझं नाव काढा.' तोवर नाव निघणार नाही. डेपोत मी एकदा कुणाच्या सांगण्यावरून एकाचं नाव काढलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो गडी मुलाबाळांसह माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. तेव्हापासून मी हा नियम सोडला नाही.

कोंडाजी कुरुळीचा. डाव्या बाजूचा बॅक. अंगानं आडवा आणि बोलण्यात कंजूस. खांदा असा द्यायचा की समोरचा सपशेल आडवा व्हायचा, आणि मग कोंडाजीच त्याला हात देऊन उठवायचा, पाठीवरची माती झटकायचा. गोलाचे बांबू मैदानात ठेवले तर लोक सरपणाला न्यायचे, म्हणून ते त्याच्या घरी असायचे. दर रविवारी तो सहाही बांबू खांद्यावर टाकून नदी ओलांडून यायचा. सात वर्षं आणले. कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. असा माणूस आपलाच राहणार असं मी गृहीत धरलं होतं.

आमचा गोलकीपर होता अजीज. त्याची आई गौहरबी मांजरपाटाचं जाडं कापड हिरवं रंगवून आमच्या जर्सी शिवायची आणि धुवायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून गळ्याच्या आत खुणा घालायची. अजीजच्या जर्सीला चंद्रकोर, कोंडाजीच्या जर्सीला पिवळ्या दोऱ्याचे दोन टाके. त्रेपन्न सालच्या श्रावणात चेंडू पुरात गेला आणि अजीजनं मागोमाग उडी टाकली. चेंडू थोड्या वेळानं आपोआप काठाला लागला. अजीज तिसऱ्या दिवशी डुडुळगावाजवळ सापडला.

पुढच्या रविवारी गौहरबी धुतलेल्या जर्सींचं गाठोडं घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. मी नावं पुकारत अजीजपाशी आलो आणि मला ते नाव गाळता येईना. आई समोर उभी असताना कसं गाळणार? मी पुकारलं, 'अजीज!' मग मी पुढचं नाव घेतलं. पुढच्या रविवारीही तसंच झालं, आणि मग ती रीतच पडली.

महिनाभरानं गौहरबीनं मला जर्सी ठेवायची पेटी उघडून दाखवली. तळाशी स्वच्छ धुऊन, घडी करून ठेवलेली अजीजची जर्सी कोपरांवर तांबडी झाली होती. आमच्या मैदानाचा मुरूम. ती कुणी घातली नव्हती, पेटीची किल्ली तिच्याच कमरेला असायची. मी पेटीपासून मागे सरकलो. ती मात्र शांत होती.

"पोराचं नाव पुकारत ऱ्हा, सयाजीभाऊ," ती म्हणाली. "धुवायला मी हाय."

अजीजच्या जागी आता चिमाजी गोलात उभा राहायचा. कधी कधी त्याला हुकलेला चेंडू बांबूच्या आत जाता जाता काहीतरी लागल्यासारखा बाहेर वळायचा. अशा वेळी आमच्यातलं कुणी ओरडायचं नाही, टाळी वाजवायचं नाही. चिमाजी खाली मान घालून चेंडू आणायला जायचा.

पंचावन्न साली मुंबईच्या एका मिलच्या माणसानं कोंडाजीला खेळताना पाहिलं. मिलचा मोठा संघ होता. कागदावर नोकरी फिटरची, काम मैदानावर. खरं गवत, पायात बूट, बघायला हजारो माणसं. कोंडाजीनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही घडवला आणि मुंबईनं न्यायचा? त्याला शनिवारी हजर व्हायचं होतं, रविवारपर्यंत थांबता येत नव्हतं. शुक्रवारी दिवेलागणीला तो माझ्या दारात आला.

"मुकादम, नाव काढा माझं. मैदानात यायला सवड न्हाई."

मी आत बसून होतो. बायकोला खुणावलं, घरात नाही म्हणून सांग. तो बराच वेळ उंबऱ्याबाहेर थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मी आत बसलोय हे त्यालाही कळत होतं. शेवटी गोलाचे सहा बांबू माझ्या भिंतीला टेकवून तो गेला.

रविवारी मी त्याचं नाव पुकारलं. मुद्दाम पुकारलं. तो सोडून गेलाय हे सगळ्यांना दर आठवड्याला ऐकू यावं, एवढाच माझा खुनशीपणा. दोन रविवार कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या रविवारी त्याच्या जागी गेनू खेळत होता. समोरचा गडी चेंडू घेऊन डाव्या बाजूनं सुटला, गेनू चार हात मागे पडला, आणि तो गडी एकाएकी सपशेल आडवा झाला. उठताना त्यानं हात वर केला, कुणीतरी धरेल म्हणून. मग आजूबाजूला बघून तो घाबरला आणि उरलेला खेळ त्यानं उजव्या बाजूनंच केला.

त्या संध्याकाळी गौहरबी पेटीत बंद असलेली कोंडाजीची पिवळ्या टाक्यांची जर्सी घेऊन आली. उजव्या खांद्यावर मुरूम लागला होता.

"कोंडाजीचं नाव काढ," ती म्हणाली. "माजा पोरगा गेलेला हाय, त्याला दुसरीकडं कुटं जायाचं न्हाई. ह्यो जिता हाय. जित्या मानसाला असं बोलावू नगं."

मी म्हणालो, "नियम आहे."

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता. आम्ही त्या वर्षी एकही सामना हरलो नाही.

माघात कोंडाजी परत आला. बरोबर त्याची बायको कुशाबाई. मी त्याला ओळखलं नाही, इतका तो खंगला होता. त्याला नीट बोलताही येईना, वाक्य अर्ध्यावर सुटायचं. मग कुशाबाईच बोलली.

"रयवारी चार वाजलं की ह्ये उभ्या जागी थिजत्यात. खेळत असलं तर मैदानात, जेवत असलं तर ताटावर. कोन हाक मारतंय म्हंत्यात. पयलं घटकाभर व्हायचं, आता रात पडली तरी भानावर येत न्हाईत. मिलवाल्यांनी काढून टाकलं. मुकादम, तुमच्या पाया पडते, नाव काढा."

तिथंच काढायला हवं होतं. माझ्या जिभेवर शब्द आलाही होता. पण आठ महिने मी ज्या नियमाआड लपलो, तो दारातल्या दारात मोडला तर त्या शुक्रवारी मी आत का बसलो होतो, याला उत्तर उरणार नव्हतं. मी म्हणालो, "उद्या रविवार आहे. मैदानात या. एकदा 'हाय' म्हणायचं आणि सांगायचं. झालं."

रविवारी लख्ख ऊन होतं. गडी आपापल्या जागी उभे राहिले. कोंडाजी माझ्या शेजारी, कुशाबाई आणि गौहरबी कडेला. मी नावं घेऊ लागलो. अजीजपाशी नेहमीसारखा थांबलो, पुढे गेलो, आणि म्हणालो, "कोंडाजी!"

"हाय!"

आवाज त्याचाच होता. जाड, तुटक, सात वर्षं ऐकलेला. पण तो आला गेनूच्या मागून, मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातून. माझ्या शेजारच्या कोंडाजीचे ओठ मिटलेले होते. गेनू किंचाळून बाजूला पळाला. कोंडाजीनं मग तोंड उघडलं, पण त्यातून हवाच बाहेर आली.

नियम मला ठाऊक होता. ज्यानं 'हाय' म्हटलं त्यालाच विचारायचं. मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड केलं.

"नाव काढू का?"

"न्हाई," कोंडाजीचा आवाज म्हणाला. "मी कुटं जाऊ?"

कोंडाजी मटकन खाली बसला. त्याचे डोळे त्या कोपऱ्यावर होते आणि हळूहळू त्यांतलं ओळखीचं काही उरत नव्हतं. मी त्याला हलवत होतो, चिमाजी पाणी मारत होता. तेवढ्यात मैदानाच्या कडेहून कुशाबाई धावत आली. लग्नाला नऊ वर्षं झालेली बाई, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नसेल. डोक्यावरचा पदर खाली पडला होता. अकरा परक्या पुरुषांपुढे ती छाती फुटेस्तोवर ओरडली, "कोंडाजी! ए कोंडाजी!"

कोपऱ्यात काहीच झालं नाही. कोंडाजीनं मान वळवली, तिच्याकडे बघितलं आणि खरखरत म्हणाला, "हाय."

त्यानंतर मी कधी हजेरी घेतली नाही. संघ मोडला. बांबू मी जाळून टाकले. गौहरबी मात्र दर सोमवारी दोन हिरव्या जर्सी वाळत घालते. मी तिला काही विचारत नाही.

कोंडाजी आता पिंपरीला नव्या कारखान्यात हमाली करतो. आठवडाभर चारचौघांसारखा असतो. रविवारी चारला त्याची नजर फिरते, आणि कुशाबाई अंगणात येऊन त्याला नावानं हाक मारते. कुरुळीच्या बायका आधी हसायच्या, आता दारं लावून घेतात. मी मोशीहून चालत जातो आणि समोरच्या बाभळीखाली थांबतो. आत जायचं तोंड मला नाही. त्याचं उत्तर कानांवर आलं की परत फिरतो.

पहिल्या वर्षी एका हाकेत भागायचं. पुढच्या वर्षी दोन लागू लागल्या. काल अकरा झाल्या. दहाव्या हाकेला तिचा आवाज फुटला, आणि मी बाभळीखाली उभा राहून मनातल्या मनात विनवू लागलो, 'कोंडाजी, लेका, जा बायकोकडे.' अकराव्या हाकेला तो 'हाय' म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की तो आवाज मैदानाकडून नव्हे, अंगणातूनच आला असावा, असं मी स्वतःला बजावत घरी आलो.