टोपभर खेकडे आणि मी

माझ्या सासऱ्यांच्या भाताला दोन शत्रू आहेत. एक खेकडा आणि दुसरा मी.

निदान खेकड्याचं समजू शकतं, त्याला बांधातच राहायचं असतं. मी नौपाड्यात राहतो. (वन बीएचके, तिसरा मजला.) घर शुद्ध शाकाहारी, आणि शेती म्हणाल तर खिडकीतली तुळस. तीही आई बघते. सायलीशी लग्न झालं आणि मानपाड्याच्या पलीकडे, टॉवरांच्या मधोमध उरलेल्या भाताच्या एका खाचराशी माझं नातं जुळलं. आजूबाजूच्यांनी जमिनी दिल्या, पण सासऱ्यांनी ते खाचर हट्टाने राखलेलं. "घरचाच तांदूल खानार, दुकानातला नाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही शनिवारी तिकडे गेलेलो. लावणी झालेली, पावसाने चार दिवस दडी मारलेली आणि बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चेहरा उतरलेला. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि खाचरातलं पाणी बिळांतून निघून चाललेलं. पाणी गेलं की रोपं गेली, आणि रोपं गेली की वर्षाचा तांदूळ गेला. बाबा बिळांत ओतायला विषारी औषधाची बाटली घेऊन निघालेले. मी आडवा गेलो.

"बाबा, विष नको. मासे मरतील, बगळे मरतील, विहिरीत उतरेल ते." (हे सगळं मी येताना रिक्षात मोबाईलवर वाचलेलं.)

"मंग काय करू?"

"हाताने पकडायचे."

बाबांनी माझे हात नीट बघून घेतले. पण बाटली फळीवर ठेवून दिली. नव्या जावयाचा शब्द मोडायचा कसा, ही त्यांची अडचण.

रविवारी सकाळी शेजारचे नामदेवकाका आले, त्यांच्यामागून आणखी दहाएक माणसं आली. सगळे खांद्यापर्यंत हात बिळांत घालून एकेक खेकडा ओढून काढत होते. मी बांधावर उभा राहून प्रत्येकाला "सांभाळून" म्हणत होतो. (कोणीतरी म्हणायला हवं ना.) दुपारपर्यंत जर्मनचा मोठा टोप भरला, बिळं चिखलाने लिंपून झाली. टोप पडवीत ठेवला, वर ताट, ताटावर दगड. "सांच्याला येतो," म्हणत माणसं घरी गेली. बाबा आडवे झाले. सासूबाई आणि सायली भाकरीचं पीठ आणायला गिरणीवर गेल्या.

मागे उरलो मी आणि टोपातली खरखर.

आता आमच्या सोसायटीची पद्धत अशी, की पिंजऱ्यात उंदीर सापडला की वॉचमन तो लांब खाडीकडे नेऊन सोडतो. इथे पकडणं झालेलं, सोडणं राहिलेलं. सगळे दमलेत, तेव्हा हे काम बहुधा आपल्यासाठी ठेवलंय, असं मला अगदी मनापासून वाटलं. टोप उचलून खाचरामागच्या ओहोळावर गेलो आणि एकेकाला सन्मानाने निरोप दिला. ओहोळापासून बांध चाळीस पावलं. मला अंतर बरंच वाटलेलं, कारण टोप जड होता.

सासूबाई परत आल्या आणि पडवीतच थबकल्या. "अगं बाय, चिंबोऱ्या कुठं गेल्या?"

मला कळेना, गेलेल्या पाहुण्यांची एवढी चौकशी कशाला. मग ओट्यावरचं भाजलेलं खोबरं दिसलं. वाटण दिसलं. पिठाचा डबा दिसला. ज्याने बांधात हात घातला त्याने संध्याकाळी त्या घरी रस्सा-भाकरी खायची, अशी तिथली रीत. मला कोणी सांगितली नव्हती, कारण ती माहीत नसलेला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

सांगून टाकणार होतो, शपथ. तेवढ्यात नामदेवकाका हजर.

"मांजर असंल."

"मांजर दगड उचलंल?" जागे झालेले बाबा म्हणाले.

"मंग कुत्रा."

"कुत्रा टोप बी नेईल? ह्यो मानूसच हाय. नामदेवा, तुझा भाव दुपारी हितं फिरत व्हता."

"माज्या भावाला चोर बोलतो तू?"

मी मांजरालाही मान डोलावली, कुत्र्यालाही आणि भावालाही. दोन घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा सासूबाई मोरीकडून परतल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

"टोप घासून पालथा घातलाय. ताट पुसलंय. दगड बी धुतलाय."

सायली हळूच वळली. धुतलेलं भांडं पालथं घालणारा माणूस तिच्या संसारात एकच आहे. "अमेय?"

"सोडले," मी म्हणालो. "ओहोळात."

"जित्ते?" नामदेवकाका.

"हो. एकालाही लागू दिलं नाही."

बाबा उठले आणि बांधाकडे गेले. मी मागोमाग. ओल्या लिंपणात तीन नवी बिळं पडलेली, पाणी झिरपायला लागलेलं. बाबांनी गुडघ्यावर बसून एका बिळावर तळवा दाबला. "सकालपासून कवरी मेहनत केली," एवढंच पुटपुटले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली आणि मी शेजारच्या बिळात हात घातला.

पुढचं मला आठवत नाही, सायलीला आठवतं. माझी किंकाळी तिला घरात ऐकू आली.

"धरून ठेवा, सोडू नका," बाबा ओरडले.

"मी कुठे धरलंय, बाबा, त्यानेच धरलंय!"

खेकडा बोटाला लटकून बाहेर आला. बाबा खेकड्याकडे बघत राहिले, मग बोटाकडे. "जावयबापू," ते फार मायेने म्हणाले, "आता त्या पलीकडच्या बिळात घाला."

दिवेलागणीपर्यंत सगळ्यांनी मिळून अर्धाअधिक टोप परत भरला, त्यातले नऊ माझ्या बोटाला. बांध टिकला, पाणी राहिलं, दिवाळीनंतर नवा तांदूळ नौपाड्याला आला. नामदेवकाकांचा भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.

औषधाची बाटली फळीवर तशीच आहे. दर पावसाळ्यात बाबांचा फोन येतो, "औषध ओतू, का तुमी येता?" मी रजा टाकतो. अर्जात कारण लिहितो, शेतीची कामे. त्या कामात माझा हुद्दा आमिषाचा आहे, हे ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही.