अर्धा निजाम

निजामाचं अर्धं सैन्य सध्या माझ्याकडे आहे. उरलेलं अर्धं भिंतीपलीकडे थोरल्या भावाकडे आहे. मराठ्यांचीही तीच गत. त्यामुळे आमच्या गावात खर्ड्याची लढाई आता कोणालाच लढता येत नाही.

ही लढाई टेबलावरची. शिपाई कथलाचे, पुण्याहून टपालाने मागवलेले, आणि उंचीने ज्वारीच्या एका दाण्यावर दुसरा दाणा उभा करावा एवढे. पट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचं, फासे टाकायचे आणि कोण मेलं, कोण पळालं ते नियमाच्या पुस्तकात बघायचं. मी कडा गावाच्या अलीकडे एका खरेदी-विक्री संघाच्या गोदामात नोकरीला. खताची पोती मोजणे, बियाणं नीट रचणे, प्रत्येक थप्पीवर चिठ्ठी लावणे, हे माझं काम. पोती संपली की माणसाने मोजायचं काय? (दुष्काळात गोदामही रिकामं असतं.) म्हणून मी सैन्य बाळगलं.

एवढा बारका शिपाई एकटा उभा राहत नाही आणि चिमटीत धरला तर मान मोडून घेतो. म्हणून दहा-दहा शिपाई एका चौकोनी तुकड्यावर चिकटवायचे. या तुकड्याला आम्ही पाट म्हणायचो. पाटासाठी जाड पुठ्ठा लागतो, आणि आमच्या भागात जाड पुठ्ठा फक्त पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नपत्रिकांना असतो. त्या आम्ही कापल्या. निजामाचं सगळं घोडदळ ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’वर उभं होतं, आणि मराठ्यांच्या तोफांखाली ‘आहेर आणू नये’ असं छापलेलं होतं.

पाटावर गोंद लावून चाळलेली माती भुरभुरायची, म्हणजे जमीन होते. इथे माझा आणि दादाचा पहिला वाद झाला. दादा म्हणजे थोरला भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, शेती बघणारा, आठवडाभरात मोजून चार वाक्यं बोलणारा. त्याला जमिनीवर हिरवा रंगवलेला भुसा हवा होता. मी म्हणालो, लढाई उन्हाळ्याच्या तोंडावर झाली, गवत येईल कुठून? दादा खिडकीबाहेरच्या रानाकडे बघत म्हणाला, “बाहेर तर हायेच की करपलेलं. निदान हितं तरी हिरवं असू दे.”

मी ऐकलं नाही. पाट करपलेलेच झाले, आणि इतिहासाला धरून झाले.

तरी दर रविवारी दादा टेबलाच्या पलीकडे येऊन बसायचा. एका रविवारी त्याच्याकडे मराठे, पुढच्या रविवारी माझ्याकडे. फाशांवर त्याचा हात असा होता की त्याच्याकडे निजाम असला की खर्ड्याला हरलेला निजाम जिंकायचा. पण त्या दोन तासांत दादा बोलायचा. विहिरीबद्दल, बैलांबद्दल, गेलेल्या वडलांबद्दल. आठवड्याची उरलेली सगळी वाक्यं तो टेबलावर आणून टाकायचा. आम्हा दोघांत तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती ज्वारीच्या दोन दाण्यांवर उभी होती.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. कडबा संपला आणि गावच्या सोसायटीने चारा छावणी उघडली. नियम असा की एका कुटुंबाची पाच जनावरं. आमची आठ. उरलेली तीन कसायाला द्यायची, नाहीतर कागदावर दुसरं कुटुंब काढायचं. दादाने रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, “कागदावर वेगळं व्हायचं. नुस्तं कागदावर. पाऊस पडला की एक.”

बाकी कोणी असता तर अर्ज लिहून गप्प बसला असता. पण मी पडलो व्यवस्थित माणूस! वेगळं व्हायचं तर नीट व्हायला नको का? तलाठी चौकशीला येणार, त्याला काही तरी दिसलं पाहिजे. मी यादी केली. घरात दुसरी चूल मांडली. तवे, घागरी, पाट्या, कोयते यांवर दादाच्या वाट्याला लाल ठिपका, माझ्या वाट्याला निळा. टँकरचं पाणी भरायची पिंपं दोन बाजूंना ठेवली. ओसरीच्या मधोमध खडूची रेघ मारली, आणि ती पुसट होऊ नये म्हणून रोज सकाळी गिरवू लागलो.

या सोंगाचा पहिला परिणाम दोन्ही बायकांवर झाला. वीस वर्षं एका चुलीवर एकमेकींच्या मिठावरून कुढणाऱ्या माझी बायको शोभा आणि वहिनी, दोघी आठवड्यात उजळल्या. शोभा भाकरी थापताना गुणगुणायला लागली. दादाने एकदा आमच्या पिंपातून तांब्या बुडवला तर वहिनीच त्याला म्हणाल्या की रेघेपलीकडे जाऊ नका, भाऊजींना आवडत न्हाई.

तलाठी भाऊसाहेब भर दुपारी आले. त्यांना माझ्या चुलीवरचा चहा दिला आणि लगेच दादाच्या चुलीवरचाही दिला. दोन्ही कप त्यांनी निमूटपणे संपवले. त्यांनी ठिपके पाहिले, पिंपं पाहिली, रेघ पाहिली. मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात ते आतल्या खोलीत गेले आणि टेबलापाशी थांबले. रविवारची लढाई अर्धी राहिली होती. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या.

“हे कोणाचं हो?”

आम्ही दोघे एकदम म्हणालो, “आमचं.”

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. तवे वेगळे, घागरी वेगळ्या, आणि ही एवढी मांडामांड सामाईक? घर वेगळं झालेलं दिसत नाही, असं ते हळूच म्हणाले. गोठ्यातून म्हशीचा आवाज आला. ती छावणीबाहेर राहणाऱ्या तीन जनावरांपैकी एक होती.

दादा आयुष्यात पहिल्यांदाच झटकन बोलला. “त्याची बी वाटणी हायेच की, भाऊसाहेब. आज करणारच हुतो.”

आमच्याकडे रिवाज असा, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. दादाने सरळ दोन वाटे पाडले. इकडे मराठे, तिकडे निजाम. आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात असं होतं, की तू धाकटा आहेस, मोठ्याचा मान राखशील, निजाम उचलशील.

मी मराठे उचलले. रिवाज म्हणजे रिवाज.

“मंग म्या निजाम व्हायचं व्हय?” दादा म्हणाला.

मी म्हणालो, वाटे तुमीच पाडलेत.

“आरं, आपला आजा रझाकारांच्या काठ्या खाऊन मेला. आन् त्याच्या थोरल्या नातवाच्या पदरात तू निजाम घालतूस?”

“माझा आजा दुसरा हुता का?”

“तुला लहानपणी खांद्यावर घेऊन शाळंत कोण नेत हुतं रं?”

“खांद्यावर नेलं म्हणून जलमभर निजाम राहू का? तू घे की निजाम. तसा बी तू निजाम झाला की जिकतूसच!”

तू. मी दादाला अरेतुरे केलं, तेही परक्या माणसासमोर.

भाऊसाहेबांनी शांतपणे टोपण काढलं. “खरं सांगू का? मला वाटलं हुतं, छावणीपायी सोंग चाललंय. पण सोंगात माणूस इतकं मनावर घेत न्हाई.” आणि त्यांनी सही केली.

म्हणजे काम झालं होतं. आठही जनावरं छावणीत जाणार होती. तिथेच हसून टेबल होतं तसं ठेवता आलं असतं. पण वाटणी अर्धवट होती, आणि अर्धवट काम मला बघवत नाही. मी म्हणालो, दोन्ही फौजा अर्ध्या-अर्ध्या करू, म्हणजे कोणाची तक्रार नको. दादाकडे हत्ती गेला, माझ्याकडे दोन तोफा आल्या. बाण, भाले, घोडे, सगळं समसमान. शेवटी मराठ्यांच्या घोडदळाचा एक पाट उरला.

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” दादा म्हणाला.

मी म्हणालो, नको, बरोबरी म्हणजे बरोबरी. शोभाची विळी आणली आणि पाट मधोमध कापला. तीन घोडेस्वार उडून पडले. तेही मी शोधले. दोनच सापडले, म्हणून एक-एक वाटून घेतला. भाऊसाहेब तोवर थांबले होते. सरकारी नोकरीत इतकी चोख वाटणी पाहिली नाही, असं जाताना म्हणाले. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

जनावरांनी छावणीत ऊस खाल्ला, पेंड खाल्ली, अंगाला लागली. पुढच्या वर्षी पाऊस आला आणि आठही परत आली. ठरल्याप्रमाणे आता एक व्हायचं होतं. पण दोन्ही चुलींनी नकार दिला. शोभाने ओटा बांधून घेतला होता, वहिनींनी गॅस आणला होता. खडूची रेघ रोज गिरवायचा मला कंटाळा आला होता, म्हणून तिथे विटा रचल्या. विटा नीट रचल्या की त्याची भिंतच होते.

मग एका रविवारी दादा आला. दारातूनच आला, चप्पल बाहेर काढून, पाहुण्यासारखा. हातात परात, परातीवर टॉवेल. टॉवेल काढला तर त्याचं सगळं सैन्य होतं, पाटाला पाट लावून. मधल्या काळात त्याने जमिनीवर हिरवा भुसा चिकटवला होता. तो त्याच्या जुन्या जागी टेबलापलीकडे बसला आणि म्हणाला, “मांड.”

त्या एका शब्दासाठी मी वर्षभर थांबलो होतो. आता मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. फौजा मांडायच्या, फासा टाकायचा, आणि दादा विहिरीबद्दल बोलायला लागला की ऐकायचं.

मी परात पुढे ओढली आणि मोजायला लागलो. त्यात वाईट हेतू नव्हता. गोदामात माल आत आला की मोजतात. पायदळ मोजलं, भालाईत मोजले, हत्ती पाहिला, सोंड शाबूत होती. घोडदळ दोनदा मोजलं. मग समाधानाने वर पाहून म्हणालो, “बरोबर हायेत.”

दादा माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे.

“बरोबर हायेत न्हवं?” तो म्हणाला. “मंग माझे मला दे.”

टॉवेल झाकून, परात दोन्ही हातांनी छातीशी धरून तो गेला. दाराशी हात रिकामे नसल्याने चप्पल नीट घालता आली नाही, म्हणून ती पायाने ढकलतच भिंतीपलीकडे गेला. मी पोचपावतीवर त्याची सही मागितली नाही. आयुष्यात माझ्या हातून झालेला मनाचा मोठेपणा तो एवढाच.