केवलरामचं सगळं ठेवणारं मशीन

दवनीवाड्यात केवलराम हरिणखेडेच्या घरी जाऊन "काल टीव्हीवर काय झालं?" असं कधी विचारू नये. तो सांगणार नाही, कारण त्यानं पाहिलेलंच नसतं. पण तो तुम्हाला खुर्ची देईल, आत वळून सुशिलाबाईंना चहा मांडायला सांगेल आणि मोठ्या ऐटीत म्हणेल, "हाये न! सारं हाये. मशीनमधी हाये."

हे मशीन म्हणजे कोठीत, धानानं भरलेल्या चुंगड्यांना टेकवून ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. उंदरांच्या भीतीनं त्याच्या वायरींवर सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळलेली, धुळीच्या भीतीनं वरून सुशिलाबाईंचं जुनं लुगडं टाकलेलं. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीही बांधली होती, पण ते लिंबू उंदरांनीच पळवलं.

मूळचा केवलराम रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. बसस्टॉपजवळ त्याचं दुकान होतं आणि घरचं थोडंफार धानाचं शेत होतं. मग जमाना असा आला की लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करेनात, सरळ नवाच आणू लागले. दुकान बसलं. केवलराम शेतात जायचा खरा, पण हात शिवशिवायचे. घरातला चालू मिक्सर त्यानं दोनदा उघडून पाहिला, तेव्हा सुशिलाबाईंनी नागपूरला मुलीला फोन केला, "तुझ्या बापाले कायतरी काम दे वो, नाही त हे माझं घर खोलून ठेवतीन."

मुलगी प्रेरणा तिकडे कंपनीत कामाला. दिवाळीला आली ती हा कॉम्प्युटर घेऊनच. त्यात एक सॉफ्टवेअर होतं. कोणतं चॅनल, किती वाजता, एवढं एकदा सांगून ठेवायचं. पुढं ते आपलं आपण रेकॉर्ड करतं, नाव-तारीख लावतं आणि ओळीनं रचून ठेवतं.

"कितीचं हाये?" केवलरामनं विचारलं.

"फुकट हाये, बाबा. ओपन सोर्स म्हणतात याला. ज्यांनी बनवलं त्यांनी आतला सगळा कारभारही उघडा ठेवलाय. कोणीही पाहावं, कोणीही सुधारावं."

दुरुस्तीवाल्याला हे पटावं कसं? उभ्या आयुष्यात त्यानं टीव्हीचं मागचं झाकण उघडताना गिऱ्हाइकाला समोरून उठवून चहा प्यायला पाठवलं होतं. "झाकन उघडं ठेवून देल्लं? न पैसे बी नाही घेतले?" त्यानं कॉम्प्युटरचं मागचं झाकण चाचपून पाहिलं. "मंग त्या मानसाले घरी जेवाले कोन देते?"

पण एकदा पटल्यावर मात्र तो सुटलाच. शेतीचा कार्यक्रम, कीर्तन, क्रिकेट, जुन्या मालिका, बातम्या, जे दिसेल ते त्यानं लावून टाकलं. पाहायचं कधी, हा प्रश्न त्याला पडत नसे. लोणच्याची बरणी भरून ठेवणारा माणूस काय लगेच लोणचं खातो?

"का जी," सुशिलाबाई एकदा म्हणाल्या, "मागच्या सालच्या पावसाचा अंदाज कायले ठेवला?"

"अंदाज खरा आला का खोटा, ते पाहाले."

"मंग पाह्यलं?"

"पाहू न."

आता गंमत अशी की हाच माणूस पूर्वी टीव्हीसमोरून हलत नसे. मॅच लागली की जेवणाचं ताट तिथंच. मशीन आलं आणि पाहणं सुटलं. मॅच ऐन रंगात आली की हा उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा. मशीन पाहून राहिलं ना, मग आपण कशाला डोळे शिणवायचे!

या केवलरामचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे चुन्नीलाल भेलावे. भातगिरणीवरचा हमाल. रुंद खांदे, जाड आवाज, वर्षभर भरघोस मिशी. आणि गावच्या दंडारीतली राणीही तोच. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, दिवसा दंडारीचं नाच-नाटक होतं, आणि दंडारीत बाईचा पार्ट बाप्याच करतो. तर भाऊबीज झाली की चुन्नीलाल मिशी काढायचा. चुन्नीलालची मिशी गेली, म्हणजे मंडई जवळ आली, हे गावातल्या बायांनाही कॅलेंडर न पाहता कळायचं. ऐन जवानीपासून तो राणी करत आला. यंदा मात्र गुडघ्यांनी जवाब दिला. डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, आणि मग नाचणं विसरा.

मंडईच्या आधी चुन्नीलाल केवलरामकडं आला. मिशी काढलेली, त्यामुळं चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"केवल्या, एक बोलू का? हासजो नोको."

"बोल न."

"इतके साल नाचलो. पन मी कसा दिसतो ते मले माहीतच नाही गा. आरशात तोंड दिसते. नाच थोडी दिसते? लोकं म्हनत, राणी आली, राणी आली. ते राणी मी कधी पाह्यलीच नाही. यंदा आखरी हाये. एक डाव पाहाची हाये मले."

केवलराम हसला नाही. त्याला भरून आलं, आणि भरून आलं की तो मशीनबद्दल बोलतो. "अगा, चॅनलवाले यंदा मंडई लाइव दाखवनार हायेत इंटरनेटवर. मी लावून टाकतो. पह्यल्या ढोलकीपासून आखरीपर्यंत. तू बिनघोर नाच."

गोंदियाचं ते लोकल चॅनल कार्यक्रम दाखवायचं, पण ठेवायचं नाही. शिळं कोण सांभाळते, असा त्यांचा हिशोब. म्हणजे राहिलं तर केवलरामच्या कोठीतच राहणार होतं. त्यानं मंडईचा छापील कागद समोर धरला. 'ठीक अकरा वाजता उद्घाटन, ठीक बारा वाजता दंडार.' तशी वेळ मशीनला सांगितली, वरून थोडी जास्तीचीही ठेवली. आता बाहेरचा माणूस फसला असता तर समजू शकतो. पण जन्म दवनीवाड्यात गेला आणि मंडईच्या कागदावरच्या 'ठीक'वर भरवसा ठेवला, याला काय म्हणावं! मंडई घड्याळ पाहून सुरू होत नाही, पाहुणे पाहून सुरू होते. पण 'पाहुणे आल्यावर' अशी वेळ मशीनमध्ये घालायला जागा नव्हती.

मंडईच्या दिवशी सुशिलाबाई भावाकडं तिरोड्याला होत्या. केवलराम मैदानावर होता, अगदी वेळेवर होता. पण कुठं? आलूबोंड्याच्या दुकानामागं, सावलीत, धानाच्या भावावर तावातावानं बोलत. ढोलकी वाजली ती त्यानं ऐकली. एकानं म्हटलंही, "चला गा, दंडार उभी राह्यली." केवलराम तिखट मिरचीचा घास घेत म्हणाला, "तुमी जा. माझी घरी रेकॉर्ड होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्नीलाल आला. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल, मुलगी पाहायला निघाल्यासारखा. दोघं मशीनसमोर बसले. केवलरामनं लुगडं बाजूला सारलं आणि फाइल सुरू केली.

रिकामा मंच दिसला. एक माणूस माइकवर टकटक करत होता. हॅलो, हॅलो. मग वर्गणी देणाऱ्यांची नावं. मग एका लाल फ्रॉकवाल्या मुलीचे आईबाप कुठं आहेत, त्याची घोषणा. मग पुन्हा हॅलो.

"पुढं ने," चुन्नीलाल म्हणाला.

पुढं पुन्हा वर्गणीदारच होते. आणखी पुढं नेलं, तेव्हा कुठं पाहुण्यांची गाडी आली. हार झाले, हारांनंतर शाली झाल्या, शालींनंतर राहिलेल्यांचे हार झाले. शेवटी पाहुणे माइकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही."

तिथं फाइल संपली.

केवलरामनं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. वेळ संपली म्हणून मशीननं इमानेइतबारे काम थांबवलं होतं. चॅनलवाल्यांना फोन केला, त्यांनी तर सकाळीच पुसून टाकलं होतं. गावातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये जे सापडलं, त्यात निम्मं त्यांचंच तोंड होतं.

चुन्नीलालनं सुस्कारा सोडला. "जाऊ दे, मशीनच ते. तू त होता ना तिथंसा? तूच सांग. कसा झाला?"

"मस्त झाला!" केवलराम घाईनं म्हणाला. "एकदम मस्त."

"लुगडं कोनतं होतं?"

केवलरामनं कोठीच्या छताकडं पाहिलं. "हिरवं."

"पिवळं होतं," चुन्नीलाल म्हणाला आणि उठला. गुडघे धरत, चुंगड्यांचा आधार घेत उठला. केवलरामनं मांडलेला चहा उतू जात होता, त्यासाठी तो थांबला नाही.

त्यानंतर तो आलाच नाही. पानठेल्यावर दिसला तरी मान वळवायचा. मिशी पुन्हा फुटू लागली होती. इकडं कोठीत मशीन रोजच्या रोज भरत होतं आणि केवलरामला त्याचा घरघर आवाज पहिल्यांदा नकोसा वाटायला लागला. सुशिलाबाई परत आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मशीनले डोळे देल्ले न सोता बिनडोळ्याचे झाले! दोस्त समोर नाचून राह्यला, न हे आलूबोंडे खाऊन राह्यले!" खरं होतं ते आणि केवलरामला ते फार लागलं होतं.

शेवटी तो गिरणीवर गेला. चुन्नीलालला आता ओझी उचलता येत नसत, म्हणून तो बसून चुंगड्यांची तोंडं शिवत होता.

"चुकी झाली गा," केवलराम म्हणाला.

"मशीनची?"

"नाही. माझी."

दाभण चुंगडीतून आरपार गेला आणि परत आला. चुन्नीलालनं वर पाहिलं नाही.

"एक डाव नाच चुन्न्या. माझ्या आंगनात. मोबाइल लावतो, तिकून सिदं मशीनमधी जाते. ना पाहुणे, ना हार."

"माझे गुडघे का तुझा मशीन हाये, पुन्हा पुन्हा चालवाले? पुढच्या महिन्यात नागपूरले कापनार हायेत त्याईले." एवढं बोलून चुन्नीलालनं पुढची चुंगडी ओढली. केवलराम तसाच परतला.

पण रविवारी सकाळी तो अंगण झाडत होता, तर फाटकात चुन्नीलाल उभा. बगलेत गाठोडं, सोबत ढोलकी घेऊन दंडारीतला बकाराम. आणि चुन्नीलालची मिशी काढलेली होती. आता हो म्हणायला आणखी काय लागतं?

मग केवलरामची धांदल पाहावी! चुंगड्यांची थप्पी रचली, तिच्यावर मोबाइल ठेवला, खाली वीट सरकवली, उन्हाची तिरीप पाहिली. आत जाऊन बघितलं, स्क्रीनवर अंगण स्वच्छ दिसत होतं. आता राणी तयार झाली की आत येऊन एक बटन दाबायचं, बस्स. बाकी सगळं मशीन आपोआप करायचं, पण हे ऐनवेळचं काम, हे हातानंच दाबायचं होतं.

तो बाहेर आला, तोवर बकारामनं ढोलकीवर थाप टाकली होती.

पुढची हकीकत फार नाही. चुन्नीलाल नाचला. गिरणीतला हमाल तुळशीमागं गेला आणि तिथून जी बाहेर आली ती भलतीच कोणी होती. सुशिलाबाई दळणाचा डबा हातात धरून दारात थांबल्या त्या थांबल्याच. नाच संपला तेव्हा चुन्नीलाल घामानं न्हालेला, गुडघा दाबत खाटेवर बसला.

"आन," तो धापा टाकत म्हणाला. "दाखव आता राणी."

केवलराम आत गेला. बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पाहूनच सुशिलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"बटन," केवलराम म्हणाला. "बटन दाबाचं राह्यलं."

बकारामला हसू फुटलं, पण त्यानं ते ढोलकीवर तोंड वाकवून गिळलं. चुन्नीलालचा चेहरा लालभडक झाला. उठून चालतं व्हावं असं त्याच्या फार मनात होतं, पण गुडघ्यांनी साफ नकार दिला.

"अरे, मंग इतका वेळ तू का करून राह्यला होता?"

"पाहून राह्यलो होतो."

केवलराम खाली, चुन्नीलालच्या पायाशी बसला. आणि न विचारता सांगू लागला.

"तू तुळशीमागून आला ना, तर आधी पदर आला, मंग तू आला. मले वाटलं, कोन बाई आली घरात. राजा नोहताच समोर, पन त्याले जाब इचारला तेव्हा तू हात जोडले नाही. मान बी नाही वाकवली. बोट असं धरलं, जसा राजाच तुझा देनदार हाये. मंग गिरकीत डावा गुडघा दुखला तुझा. दुखला ना? पन तू थांबला नाही. राणीच दमली असं दाखवलं, न तुळशीले हात लावून उभा राह्यला."

चुन्नीलाल त्याच्याकडं टक लावून पाहत होता. "ते दिसलं तुले?"

"दिसलं न."

"न..." चुन्नीलाल अडखळला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. "चांगली दिसत होती का गा? राणी?"

"अबे, सारं ठेवनारा मानूस मी," केवलराम म्हणाला, "अन् तुले पाहता पाहता बटन विसरलो. याच्याहून का सांगू?"

चुन्नीलालनं पिवळ्या पदरानं तोंड पुसलं. मग भिंतीला पाठ टेकली, दोन्ही पाय लांब सोडले आणि डोळे मिटून घेतले.

"बरं," तो म्हणाला. "पह्यल्यापासून सांग."