पाव्हणं लाकूड

नवं लाकूड हातात आलं की अण्णा आधी अंगठा जिभेवर ओला करायचे आणि तो लाकडावरून फिरवायचे. पॉलिशनंतर कसा रंग येणार, ते ओल्या जागी दिसतं. तो रंग बघत म्हणायचे, "पाव्हण्याला आधी पाणी द्यावं." मग पुढच्या फळीसाठी तोच अंगठा पुन्हा जिभेला. चव कशी असते म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सागवान तुरट, शिसम कडू. अन् तुझ्या चहापेक्षा दोन्ही बरे."

डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवणारे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आमचे अण्णा त्यांतलेच.

बीदरबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सातजण हातानं गिटार बनवायचो. मालक हे काम हैदराबादेत शिकून आले होते. गिऱ्हाईक बंगळूरचं, गोव्याचं. गावाकडं मोबाईल नुकते दिसू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी तारा चढवायचे, अण्णा पॉलिश करायचे. जनवाड्याहून सायकलवर यायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मी हरकत घेतली, तर म्हणाले, "तू रागावतीस मोठ्या भैनीवानी. मी काय करू?"

मग ते लाकूड आलं. कोकोबोलो नावाचं, समुद्रापलीकडचं. काळपट लाल, आत नारिंगी रेघा, वास गोडसर. गिटारच्या मानेवर जिथं बोटं दाबतात ती पट्टी, आणि खाली तारा अडकवायचा ब्रिज, एवढंच त्याचं करायचं होतं. पण लाकूड इतकं तेलकट की त्यावर वॉर्निश वाळेना. तीन दिवसांनीही बोट चिकटायचं. मालक डोकं धरून बसले.

अण्णांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडिलांनी त्यांच्याच लोकरीचं विणून घेतलेलं घोंगडं ते मांडीवर घेऊन कामाला बसत आणि संध्याकाळी सायकलवर टाकून घरी नेत. त्यांनी वॉर्निश काढून टाकलं, बारीक पॉलिशपेपर मारला आणि घोंगड्याच्या कोपऱ्यानं ती पट्टी घासायला घेतली. दुपारपर्यंत लाकडाच्या स्वतःच्याच तेलानं अशी चमक आली की मालक खुर्ची सोडून जवळ आले. त्या दिवसापासून ह्या लाकडाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

दोनेक महिन्यांनी अण्णांच्या पापण्या सुजायला लागल्या. मनगटं लाल झाली, ओठ फुगले.

"अण्णा, हे काय?"

"पित्त उठलंय. उन्हाळा हाय."

उन्हाळा सरला, पित्त राहिलं. दिवाळीच्या सुटीत चेहरा स्वच्छ झाला आणि कामाला आल्यावर दोन दिवसांत पुन्हा सुजला. मला संशय आला. मी म्हटलं, "अण्णा, ह्या लाकडानंच होतंय."

ते हसले. "तीस वर्सं लाकडात गेली, अक्का. लाकडानं कुणाला काय होतंय व्हय?"

मी मालकांना सांगितलं. त्यांनी नाकातोंडाला बांधायचा मास्क आणून दिला. अण्णांनी त्यात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ठेवली आणि तो खिळ्याला टांगला. "बघ, कामाला आला," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. अण्णा थांबले असते तर शेड थांबली असती, आणि माझं घर त्या शेडवर चाललं होतं. म्हणून मी पुन्हा तो विषय काढला नाही. हे मला आजही डाचतं.

असंच दीडेक वर्ष गेलं आणि एका सकाळी घासता घासता त्यांचा श्वास अडकला. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. मालकांनी गाडीत घालून गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लाकडाचं नाव विचारून घेतलं आणि सांगितलं, ह्यांच्या अंगाला आता ह्या लाकडाची चिमूटभर भुकटीही सोसणार नाही. काम सोडायचं, नाहीतर छाती जाईल.

काम सोडलं, तरी अण्णा बरे होईनात. मी भेटायला जनवाड्याला गेले, तेव्हा वैनी त्यांची पाठ घासत होत्या, त्याच घोंगड्यानं. आमच्याकडं पित्त उठलं की घोंगड्यानं अंग घासतात, तोच उपाय. मी कोपरा उलटून बघितला. लोकरीत लाल भुकटी मुरलेली होती. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या माउलीनं स्वतःच्या हातानं ते विष नवऱ्याच्या अंगाला चोळलं होतं. मी वैनींना ते सांगितलं. घोंगडं उचलून शेतात गेल्या आणि पुरून आल्या. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले.

पुढच्या खेपेला मी जवळ जाऊन बसले आणि अण्णांना ढास लागली. ओठ निळे पडले. वैनींचं लक्ष माझ्या पदराकडं गेलं. अण्णांचं काम आता माझ्याकडं आलं होतं. ते लाकूड मीच घासत होते, आणि साडी धुतली तरी भुकटी काठात राहायची.

"तू दारातच थांबत जा," वैनी म्हणाल्या. रागानं नव्हे, रडवेल्या होऊन.

त्यानंतर मी अंगणाच्या दारात, उंबऱ्याबाहेर बसायचे, अण्णा आत अंगणाच्या पार त्या टोकाला. मधे कोंबड्या. ते तिथून ओरडून विचारायचे, "चमक येतीया का?"

"येतीय, पण तुमच्यावानी न्हाई."

"दाबून घासायलीस. हात हलका ठेव." एवढ्यानंही त्यांना धाप लागायची.

एकदा त्यांनी माझी मनगटं वर करायला लावली. लांबून बराच वेळ बघत राहिले.

"सोड ते काम, अक्का."

"सोडते," मी म्हटलं. सोडलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण प्रत्येक खेपेला आधी माझ्या हातांकडं बघायचे. मग मी लांब बाह्यांचं पोलकं घालून जाऊ लागले.

माघात एका दुपारी शेडमध्ये निरोप आला. होते तशीच निघाले. पायऱ्या चढले आणि सवयीनं उंबऱ्याशी थांबले. माझ्या हातांना कोपरापर्यंत लाल भुकटी होती. अण्णांना अंगणात, माझ्या नेहमीच्या जागेपासून चार हातांवर निजवलं होतं.

वैनींनी मान वर केली.

"कामून उभी राहिलीस? ये. बस आता त्यांच्याजवळ."