तिकायचा दुपारचा निरोप

नांग तिकायशी माझी ओळख झाली ती तिच्या शिव्यांमधून. मी "नमस्कार, निरोप सांगा" म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, "ए दाय, नीट लिहून घे. कालच्या टवळीनं माझ्या पोराचं नाव चुकवलं. जोवेन. साधं नाव आहे, तेही येत नाही तुम्हाला?"

कालची टवळी मीच होते. ते मी तिला सांगितलं नाही. दाय म्हणजे पोरी, आणि थोरल्या बाईला आमच्याकडे नांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला नोंग.

तेव्हा सेबू शहरात मोबाइल फोन बड्या लोकांच्या कमरेला असायचा, बाकीच्यांच्या कमरेला पेजर. आमच्या कंपनीनं नव्या तऱ्हेचा पेजर आणला होता. जुन्यावर निरोप यायचा आणि विषय संपायचा. या नव्यावर उत्तरही देता यायचं. लोक आम्हाला फोन करून निरोप सांगत, आम्ही तो टाइप करायचो, त्याखाली उत्तरं घालून द्यायचो, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पेजरवाल्यानं आकडा दाबला की तो आमच्या पडद्यावर उमटायचा. मग तो कुठल्याही बेटावर असो, सिग्नलच्या मनोऱ्याच्या टापूत असला म्हणजे झालं. शहरातली सगळी प्रेमं, भांडणं आणि थापा आमच्या बोटांखालून जात. लग्नाच्या बायकोला आणि दुसऱ्या बाईला एकच गोड निरोप एकाच दमात लिहायला लावणारे पुरुष मी पाहिलेत, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं.

जोवेन हा तिकायचा एकुलता एक मुलगा. खाद्यतेलाच्या कंपनीत फिरता विक्रेता होता. या बेटावरून त्या बेटावर, दुकानादुकानांतून तेलाच्या मागण्या गोळा करायचा. पेजर कंपनीनं दिला होता तो मागण्यांसाठी. पण तिकायनं पहिल्या आठवड्यातच त्याचा ताबा घेतला. रोज दुपारी आपल्या गावातून, आर्गाओच्या चर्चजवळच्या दुकानातून ती फोन करायची आणि एकच निरोप सांगायची, "जेवलास का?"

बहुतेक वेळा एक उमटायचा. मी म्हणायचे, "जेवला, नांग." ती फोन ठेवून द्यायची, आभार वगैरे भानगड नाही. एकदा दोन उमटला.

"लिही," ती म्हणाली, "मग जेव की गाढवा."

"नांग, शिव्या लिहायची परवानगी नाही आम्हाला."

"गाढव ही शिवी कधीपासून झाली? माझं पोर आहे, मी त्याला गाढव म्हणेन नाहीतर बोकड म्हणेन."

मी लिहिलं, "मग जेव की बाळा." दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "जोवेननं रात्री दुकानावर फोन करून विचारलं, आई तुझी तब्येत बरी आहे ना, बाळा काय म्हणतेस." त्या दिवशी फोनवर ती पहिल्यांदा हसली.

तिकाय तोर्ता नावाचा गोड केक करायची. आर्गाओत पुष्कळ बायका करतात, पण तिच्या तोर्त्यासाठी सेबूहून येणाऱ्या गाड्या थांबायच्या. पीठ फुगवायला ताज्या माडीशिवाय दुसरं काही ती वापरत नसे, आणि भट्टीला खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे. कोपरापासून मनगटापर्यंत तिचे दोन्ही हात भाजल्याच्या डागांनी भरलेले होते. हे मी पाहिलं ती एकदा आमच्या ऑफिसात आली तेव्हा. बुटकी बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात तोर्त्याचा डबा. दारातून सगळ्या मुलींकडे बघत तिनं विचारलं, "यातली गाढवाला घाबरणारी कोण?" मी हात वर केला. डबा माझ्यासमोर आपटून ती म्हणाली, "खा. आवाजावरून वाटलंच होतं मला, अंगात काही नाही तुझ्या."

तिचा नवरा पुलो याचं आयुष्य दावाओकडच्या केळीच्या मळ्यांत गेलं. घड वाहून वाहून पाठ गेली तेव्हा तो कायमचा घरी आला. तोवर जोवेन नोकरीला लागला होता. पोराला बाप मिळायचा तो नाताळात, तोही पाहुण्यासारखा. पोर वाढवलं तिकायनंच. म्हणून तिचा रोजचा निरोप हा काही लाडाचा प्रकार नव्हता. वीस वर्षं ती जे समोर बसून विचारत होती, तेच आता माझ्यामार्फत विचारत होती.

शेजारच्या बेटावर मासीनला जायला निघाला त्या सकाळी जोवेनला घाई होती. तिघं जेवायला बसलेली असताना बसचा भोंगा वाजला आणि तो अर्ध्या ताटावरून उठला. कुणी असं मध्येच उठून निघालं की आमच्याकडे बाकीच्यांनी आपापलं ताट फिरवायचं असतं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. तिकायनं आपलं फिरवलं. पुलो हसला. म्हणाला, "मी एवढी वर्षं ये-जा केली, कुणी ताटं फिरवली होती माझ्यासाठी?" आणि जेवत राहिला.

दोन दिवसांनी मासीनच्या किनाऱ्यापुढे अचानक वारा सुटला आणि पलीकडच्या छोट्या बेटाकडे निघालेली इंजिनाची एक लहान होडी, पंपबोट, उलटली. तसल्या होड्यांवर प्रवाशांची यादी कुठून असणार. दोघं पोहून वाचले. त्यांनी सांगितलं, तेलकंपनीचा पिवळा शर्ट घातलेला एक तरुण होता, हसरा होता, तो वर आला नाही.

ही बातमी मला रेडिओवर कळली. दुपारी तिकायचा फोन येणार नाही असं मी धरून चालले होते. तो ठरल्या वेळी आला.

"लिही. जेवलास का."

मी लिहिलं, धाडलं. पडद्यावर पोचपावती आली. निरोप पोचला. उत्तर मात्र आलं नाही.

"पोचला का?" तिनं विचारलं.

"पोचला, नांग. पण ऐक माझं. पोचला म्हणजे यंत्राला पोचला. ते चालू आहे, एवढंच. त्यानं वाचला असं नाही होत."

"यंत्र कुणाच्या कमरेला असतं?"

"त्याच्या."

"मग? समुद्रात बुडालेलं यंत्र चालतं का?"

"नाही चालत."

"झालं तर."

"पण नांग, मग तो उत्तर का देत नाही?"

ती जराही थांबली नाही. "जेवला नसेल. जेवला असता तर एक दाबलं असतं. दोन दाबलं की मी ओरडते, हे ठाऊक आहे त्याला. खोटं बोलता येत नाही म्हणून गप्प बसलाय."

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग हे रोजचं झालं. रोज दुपारी निरोप, रोज पोचपावती, उत्तर नाही. कुठल्यातरी दवाखान्यात पडला असेल, मार लागून काही आठवत नसेल, असं ती म्हणू लागली. आर्गाओत शेजारणी पेटीतले काळे कपडे बाहेर काढून तयार बसल्या होत्या. गेलेल्या माणसासाठी नऊ रात्री प्रार्थना करायची असते, ती केली नाही तर जीव भटकत राहतो. पण तिकाय घरात मेणबत्ती लावू देईना. "जित्या माणसाची प्रार्थना करता? आधी माझी करा," असं म्हणून तिनं पाद्र्यालाही दारातून परत पाठवलं. पुलोशी तर तिनं बोलणंच टाकलं होतं. ताट न फिरवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

एके सकाळी पुलो स्वतः ऑफिसात आला. टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"दाय, एक काम कर. आज तिला सांग, निरोप पोचला नाही म्हणून."

"पण पोचतोय, नोंग."

"तू पोचतोय म्हणतेस म्हणून ती थांबली आहे. माझा पोरगा तिकडे पाण्यात अधांतरी. ना इकडचा ना तिकडचा. एकदा नाही म्हण. तेवढ्यानं ती रडेल, आणि रडली की सुटेल."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. "मी रोज शंभर लोकांच्या थापा टाइप करते, नोंग. पण माझी स्वतःची एकही थाप त्यात नसते. हे नाही जमणार."

तो मान हलवून निघाला. दाराशी पोचल्यावर त्याची पाठ एवढी वाकलेली दिसली की मी त्याला परत बोलावलं. मग तरातरा आमच्या तंत्रज्ञाच्या खोलीत गेले. बोयेत नावाचा हा गृहस्थ दिवसभर शेंगदाणे खात असायचा.

"जोवेनच्या पोचपावत्या कुठल्या मनोऱ्यावरून येतात, कळतं का तुला?"

"कळतं की. मासीनच्या. पहिल्या दिवसापासून सगळ्या तिथूनच आल्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या नियमात बसणारा त्यात एकही शब्द नव्हता.

शनिवारी आम्ही तिघं बोटीनं मासीनला गेलो. तिकायनं जोवेनचे धुतलेले कपडे घेतले होते, इस्त्री केलेले, आणि तोर्त्याचा डबा. "ओल्या कपड्यांत राहिला असेल इतके दिवस," ती मला म्हणाली. पुलो दोन बाकं सोडून बसला होता. निघताना तिनं मला एकच गोष्ट बजावली होती की आजचा निरोप चुकता कामा नये. मी ऑफिसातल्या नेरिसाला सांगून आले होते की दुपारी नेहमीच्या वेळी पाठव.

दवाखान्यात तसा कुणी नव्हता. पोलिसांकडे नव्हता. फिरून फिरून धक्क्यावर आलो. तिथं पंपबोटी लागतात त्यासमोर मेर्ता नावाच्या बाईची खानावळ होती. पातेली मांडलेली, माश्या हाकलायला काडीला बांधलेले कागदाचे पट्टे. आम्ही पाणी मागितलं. तिकाय शर्टाचा पिवळा रंग, मुलाची उंची, हसणं, सगळं सांगू लागली, आणि तेवढ्यात पातेल्यांच्या फळीखालून आवाज आला. टीट-टीट. टीट-टीट.

"हे बघा, लागलं," मेर्ता म्हणाली. "रोज या वेळेला ओरडतं. परक्याची वस्तू, मी हात लावत नाही."

तिनं तांदळाच्या पोत्यामागून एक पिशवी ओढून काढली. तेलाच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या, म्हणून जड. "त्या पोरानं ठेवायला दिली. म्हणाला, नांग, संध्याकाळी परत येतो, एवढं ओझं कशाला नेऊ." मग तिला आमचे चेहरे दिसले आणि ती बोलायची थांबली.

तिकायनं बाजूच्या कप्प्यातून पेजर काढला. एवढासा पडदा. तिला वाचता येत होतं. ती एकेक निरोप खाली सरकवत गेली, सगळे तेच होते. शेवटी तिनं तो पिशवीत परत ठेवला.

"म्हणजे हिच्या पोत्याला विचारत होते मी," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

पुलो भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला. तिकाय रडली नाही. तिनं मेर्ताकडे पाहिलं.

"जेवला होता का?"

मेर्तानं एका पातेल्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "जेवला ना."

"काय जेवला?"

"कोळंबी. नारळाच्या दुधातली. भात दोनदा मागून घेतला."

"पोटभर?"

"पोटभर, नांग. ढेकर देऊन उठला."

तिकाय तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, तोर्त्याचा अख्खा डबा तिच्या हातात दिला आणि तिचे दोन्ही हात आपल्या भाजलेल्या हातांत धरले. "देव तुझं भलं करो," म्हणाली. मी तिला कुणाचे आभार मानताना कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या बोटीत पुलो तिच्या शेजारी बसला. तिनं बसू दिलं. "भरल्या पोटी गेला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कोळंबी मिळाली त्याला. दोनदा भात घेतला." तिकाय दर वेळी "हो" म्हणत होती. बोलता बोलता त्याला झोप लागली. कित्येक दिवसांनी झोपला असावा, तोंड उघडं टाकून. मलाही हायसं वाटलं होतं. निदान एवढं तरी देवानं केलं, असं मी मनात म्हणत होते.

"उद्यापासून प्रार्थना," तिकाय म्हणाली. "तू नऊही दिवस यायचं."

"येईन, नांग."

मग पुलोला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्याकडे वाकली.

"कोळंबी खाल्ली की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. तोंड सुजायचं, श्वास कोंडायचा. लहानपणी एकदा मरता मरता वाचला. त्यानंतर कधी शिवला नाही."

"मग ती बाई..."

"बाई चांगली आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं." तिनं झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "ह्याला हे ठाऊक नाही. हा घरी होता कधी? तू सांगू नकोस. त्या ताटाचं ओझंच पुष्कळ आहे त्याच्यावर."

पुलोची मान एका बाजूला कलली होती. तिनं जोवेनचे इस्त्रीचे कपडे घडीसकट त्याच्या डोक्याखाली सारले.

"उपाशी गेला ग माझा पोरगा," ती म्हणाली.